चुलीकडची ओळ

विहिरीच्या कट्ट्यामागे मालन बसली होती ती चोरून चिंच खायला. नऊ वर्षांची पोर. चिंच तोंडात गेली न गेली तोच पलीकडे तिचा बाप आणि काका भांडायला लागले. आता चिंच गिळवेना आणि थुंकवेना, अशी तिची गत झाली.

वसईजवळच्या होळी गावातली वाडी ती. केळी, मोगरा आणि गुलाबी रंगाचा गावठी गुलाब. फुलांच्या टोपल्या रोज सकाळी दादरला जायच्या. त्या वर्षी काकाने कुठूनशी पांढरी पावडर आणून गुलाबावर मारली होती. कीड मेली. कीड मेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बापाची शेळीही मेली.

"मुक्या जनावराला काय कळतं कुठला पाला खावा न् कुठला नाय?" बाप ओरडत होता. "आज शेळीनं खाल्लं, उद्या पोरगी खाईल."

"फूल काय खायाची चीज हाय?" काका म्हणाला. "देवाच्या डोक्यावर जातं नायतर बायांच्या अंबाड्यात. देव काय चावून खातो?"

"मग आपल्या घरात गुलकंद कशाचा करतात? तुझ्या टोपीचा?"

काकाने रागाने पाण्याची कळशी लाथाडली आणि स्वतःचाच अंगठा ठेचून घेतला. आठ दिवस दोघे बोलले नाहीत. नवव्या दिवशी बापाने स्वयंपाकघराच्या भिंतीलगत गुलाबाच्या काड्यांची वेगळी ओळ लावली. ती चुलीकडची ओळ. तिला पावडर लावायची नाही. बाकीच्या साऱ्या बाजाराच्या ओळी. तिथे काका राजा. असं कुणी ठरवून बोललं नाही, पण घरातल्या रांगत्या पोरालाही पुढे ते ठाऊक असायचं. काका गेला, बाप गेला, पावडरीच्या जागी मातीत पेरायचे विषारी दाणे आले, तरी ओळी दोनच राहिल्या.

मालनच्या ध्यानात मात्र भांडण कोण जिंकलं ते राहिलं नाही. ध्यानात राहिला शेळीच्या तोंडाला आलेला फेस. ताठ झालेले चार पाय. त्या फेसातून जी भीती तिच्या पोटात शिरली, ती तिथेच घर करून राहिली. एरवी बाई धीट. साप दिसला तर झाडू घेऊन जायची. पण कुणाच्या तोंडातून लाळ गळताना दिसली, तान्ह्या बाळाच्या का होईना, की हिचे हात गार.

लग्न झालं जयवंतशी. तो फोर्टातल्या एका कंपनीत कारकून, शांत, विनोद करताना स्वतः न हसणारा. भाड्याच्या खोलीत वीस वर्षं काढून, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यावर, दोघांनी नायगावला पूर्वेला फ्लॅट घेतला. दुसरा मजला. पायाखाली जमीन नाही म्हणून मालन पहिले आठ दिवस कावरीबावरी हिंडली. मग तिला गॅलरी सापडली. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, ऊन सकाळी अकरापर्यंत.

आता वाडीतल्या बाईला अडीच फूट म्हणजे थट्टाच. पण तिने रंगाचे रिकामे डबे जमवले, तेलाचे पत्र्याचे डबे जमवले, कोळणीकडून माशांची थर्माकोलची पेटी मागून आणली. खिळा तापवून खाली भोकं पाडली. तळाला विटांचे तुकडे, वर माती. बाबूकडून, म्हणजे वाडी सांभाळणाऱ्या धाकट्या भावाकडून, चुलीकडच्या ओळीतल्या पेन्सिलीएवढ्या काड्या आणल्या, शेणात बुडवून खोचल्या. मासळी धुतलेलं पाणी रोज डब्यांना. खालच्या मजल्यावरची ग्रेसीबाय नाक दाबून म्हणायची, "मालन, तुझ्या गॅलरीला बोंबलाचा वास येतो आणि फुलाला गुलाबाचा. देवाची करणीच म्हणायची."

दोन वर्षांत आठ डब्यांत आठ झुडपं झाली. पेटीत भोपळ्याचा वेल, तो ग्रिलवर चढवलेला. त्याची नर फुलं खुडून भजी व्हायची, गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद. थंडीत रोज पाचसहा गुलाब फुलायचे. तेवढ्यातच आपली वाडी आली, असं म्हणायची आणि मालन रमायची.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या स्वप्नाला सातवा महिना लागला. तिचा नवरा जितेश सातच्या गाडीने जायचा तो रात्री यायचा. सासू गावाला, आई लांब. पोरगी दिवसभर एकटी. तिला जेवण जाईना, पित्त उसळायचं. मालनने एक दिवस गुलाबाच्या ताज्या पाकळ्या खडीसाखरेत चुरडून वाटीभर दिल्या. पोरीला त्याचे डोहाळेच लागले.

"काकू, आजची वाटी?" ती जिन्यातूनच हाक मारायची.

"येते गं, अजून फुलांनी तोंड धुतलं नाही," मालन खालून.

आठवडाभर रोज वाटी वर गेली. स्वतःला एक पाकळी ठेवली नाही. पाचसहा फुलं, एका पोटापुरती, त्यात काय चाखायचं?

नवव्या दिवशी सोमवारी सकाळी पाणी घालताना तिला डब्यांभोवती मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून डब्यांकडे निघालेली. पण रांग चालत नव्हती. मालनने फुंकर मारली. मुंग्या धुळीसारख्या उडाल्या.

तिने डब्यातली माती बोटाने उकरली. खाली बारके करडे दाणे. उग्र, लसणासारखा वास. तो वास तिने वाडीत नाकाला पदर लावून कितीदा तरी ओलांडला होता.

आठ दिवसांपूर्वी, कालच्या नव्हे तर त्याआधीच्या रविवारी, बाबू येऊन गेला होता. ताईच्या डब्यांना वाडीची नवी माती घालायला पोतं घेऊन आला होता. ती चहा टाकत होती तेव्हा तो गॅलरीत होता.

मालनने हातातला तांब्या तिथेच ठेवला. ती खाली ग्रेसीबायकडे गेली, फोनपाशी. बाबूच्या शेजारी ऑगस्टीनकडे फोन होता. ऑगस्टीनने कुंपणावरून हाक मारली, बाबू धापा टाकत आला.

"बाबू, मातीत काय टाकलंस?"

"दाणे टाकले, ताई. हुमणी लागली होती मुळाला. सांगायचं राहिलं काय?"

"भोपळ्याला टाकलेस?"

"छ्या! भोपळ्याला कसा टाकीन? त्याची फुलं तू खातेस ना. मला काय अक्कल नाय? फक्त गुलाबाला टाकले."

मालनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबू, त्या काड्या कुठल्या ओळीच्या?"

"चुलीकडच्या," बाबूचा आवाज बारीक झाला. "पण ताई, तिथे चूल कुठाय? दुसरा माळा. पत्र्याचे डबे. मला वाटलं बिल्डिंगीत शोभेला लावतात. ताई, कोनी खाल्लं काय?"

तिने फोन ठेवला. ग्रेसीबायने काय झालं म्हणून विचारलं ते तिला ऐकूच आलं नाही. ती जिना चढायला लागली आणि तिला काल आठवला. काल स्वप्ना म्हणाली होती, काकू, पोटात पिळवटल्यासारखं होतंय, तोंडाला सारखं पाणी सुटतंय, घाम येतोय. आणि मालन काय म्हणाली होती? "सातव्या महिन्यात होतंच, पित्त आहे." आणि पित्तावर म्हणून वाटीत दोन फुलं जास्त घातली होती. स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती थांबली. खोटं कशाला बोला, तिथे तिच्या मनात आलं की फुलाचं नावच काढू नये. पोरीला बरं नाही, डॉक्टरकडे नेऊ, एवढंच म्हणावं. डॉक्टरांचं ते बघतील. जितेश काय म्हणेल, बिल्डिंग काय म्हणेल, पोरीचं काही झालं तर उभा जन्म लोक कुठल्या नजरेने बघतील. ती कठड्याला धरून उभी राहिली. पण डॉक्टरला ठाऊकच नसेल तर डॉक्टर पित्ताची गोळी देणार. कालपासून आपण तेच दिलं की.

शेळीचे पाय तिच्या डोळ्यांपुढे आले. ती उरलेल्या पायऱ्या पळत चढली. एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघेदुखीची.

स्वप्नाने दार उघडलं. एका हाताने पदराने तोंड पुसत होती. दुसऱ्या हातात कालची उरलेली वाटी.

"बरं झालं आलात, काकू. काहीच पोटात टिकत नाही बघा, एवढंच जातंय..."

मालनने वाटी हिसकावली. साखर, पाकळ्या सगळं फरशीवर पडलं.

"काकू!"

"त्याला औषध आहे, पोरी. मारायचं औषध. माझ्या भावाने टाकलं, मला माहीत नव्हतं. चप्पल घाल. चल."

स्वप्ना हसायला गेली, मग तिने मालनचं तोंड बघितलं आणि दोन्ही हात पोटावर ठेवून ती जमिनीवरच बसली.

रिक्षा ग्रेसीबायने आणली. वसईला जाईपर्यंत रस्ता कसा होता ते ज्याने तेव्हा पाहिलाय त्याला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला मालन त्या पोटावर हात ठेवायची, जसा काही तिच्या हाताने धक्का थांबणार होता. स्वप्नाच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. मालन ती पदराने पुसायची, पुन्हा यायची, पुन्हा पुसायची. रडू तिला आलं नाही. भीतीने डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटतं.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, नाडी बघितली. "काय खाल्लंय?"

"गुलाब," मालन म्हणाली.

"गुलाबाने असं होत नाही."

"गुलाबाला दाणेदार औषध होतं. आठ दिवसांपासून. मी खायला दिलं. रोज. काल दोन फुलं जास्त दिली." एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं, न जाणो मध्ये थांबली तर उरलेलं बाहेरच यायचं नाही.

"औषधाचं नाव काय?"

ते तिला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात दारात बाबू उभा. अर्धी चड्डी, पायाला चिखल, होळीहून सायकल मारत आलेला, छातीशी औषधाची पिशवी. ग्रेसीबायने पुन्हा फोन लावून त्याला धाडलं होतं. बाईंनी पिशवीवरची अक्षरं वाचली, मोठ्या डॉक्टरांना फोन केला, सुई भरली.

मग त्यांनी स्वप्नाच्या पोटावर नळी टेकवली आणि कान लावला. नळी उचलली, दुसरीकडे ठेवली. पुन्हा उचलली. भिंतीवर येशूचं चित्र होतं, कोपऱ्यात गणपती होता. मालनने दोघांकडे बघितलं आणि दोघांनाही नवस बोलायचं धाडस तिला झालं नाही. कुठल्या तोंडाने मागणार? नळी चौथ्यांदा टेकली. स्वप्ना छताकडे बघत होती. बाबू दारातच उकिडवा बसला होता, डोकं गुडघ्यात.

"आहे," बाई म्हणाल्या. "ठोके आहेत. थोडे धीमे. दोन दिवस इथे ठेवू. पुढचं मी आत्ता काही सांगणार नाही." मग मालनकडे वळून म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी पित्ताचंच दिलं असतं."

संध्याकाळी जितेश ऑफिसातून परस्पर आला. मालन बाकावरून उठली. त्याने सगळं ऐकून घेतलं, रुमालाने मान पुसली आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही आता घरी जा."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

घरी येऊन तिने आठही झुडपं मुळासकट उपटली. भोपळ्याचा वेलसुद्धा, तो निर्दोष असून. माती पोत्यांत भरून बाबूला परत नेऊन पुरायला लावली. डबे दगडाने चेपले, कुणी उचलून पाणी भरू नये म्हणून. गॅलरी रिकामी झाली. जयवंत म्हणाला, "आता इथे खुर्ची ठेवू." ठेवली नाही.

स्वप्ना तिसऱ्या दिवशी घरी आली. आता मालनचं डोकं कायम छताकडे. वरच्या चपला वाजल्या की जीव भांड्यात पडायचा, दहापर्यंत वाजल्या नाहीत की हिच्या हातातलं लाटणं थांबायचं.

"अगं, वरच्यांचा आवाज येतो म्हणून लोक सोसायटीत तक्रार करतात," जयवंत म्हणायचा. "आवाज येत नाही म्हणून रडणारी तूच."

"पोर आत हलत असेल ना हो?"

"मला काय विचारतेस? मी फोर्टात असतो."

वर जायची हिंमत तिला झाली नाही. मार्चच्या शेवटी पोरगी झाली, तेव्हाही ग्रेसीबायनेच येऊन सांगितलं. "मुलगी, अडीच किलो. नाक बापाचं. आता तरी जेव."

"बोटं?"

"काय बोटं?"

"मोजलीस काय?"

ग्रेसीबायने कपाळावर हात मारला.

बारशाला बोलावणं आलं तरी मालन दारामागे बसून राहिली. शेवटी स्वप्नाच खाली आली, बाळंतिणीने जिना उतरू नये ते उतरून, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "मोजा," ती म्हणाली. ग्रेसीबायने सांगितलंच होतं तिला. मालनने मोजली. हाताची, पायाची. दोनदा. नाव ठेवलं अक्षया.

पण भीती काय बोटं मोजून जाते? अक्षया उशिरा बसायला लागली, मालनला घाम. उशिरा चालायला लागली, मालनने महिनाभर मीठ सोडलं. अडीच वर्षांची होऊनही बोलेना, तेव्हा मालनला वाटलं, झालं, दाण्यांनी जीभ खाल्ली. डॉक्टर म्हणायचे, काही मुलं उशिराच बोलतात. मालन मान डोलवायची आणि घरी येऊन बाबूला फोन करायची. बाबूही घाबरट झाला होता. दोघं भावंडं फोनवर नुसती गप्प बसायची. जयवंत म्हणायचा, "गप्प बसायला फोन कशाला लागतो?"

एके दिवशी अक्षया जिन्यात पडली आणि तिने पहिलं सबंध वाक्य म्हटलं. ग्रेसीबायच्या मांजरीला उद्देशून. ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऐकून मालन पायरीवर बसली आणि त्या जानेवारीपासून पहिल्यांदा पोटभर रडली.

त्यानंतर स्वप्ना म्हणाली, "काकू, पुन्हा गुलाब लावा. हिच्या तोंडात उन्हाळ्यात फोड येतात."

"मेले तरी लावणार नाही."

"मग मी लावते. मला येत नाही, चुकीचं काहीतरी टाकीन."

पोरगी हुशार. मालन नवे डबे घेऊन आली. माती जूचंद्रच्या एका शेतातून, स्वतः हाताने मळून, वास घेऊन. काड्या होळीच्याच, पण बाबूला गॅलरीच्या उंबऱ्याबाहेर उभं करून. पहिल्या वर्षीची सगळी फुलं तिने गळू दिली. दुसऱ्या वर्षी स्वतः खाल्ली, एकटीने, हंगामभर. तिसऱ्या वर्षीपासून वाटी वर जायला लागली. आणि तेव्हापासून तिचा एक नेम झाला. फुलं आज खुडायची, प्रत्येक झुडपाची एकेक पाकळी आज आपण खायची, उरलेली साखरेत झाकून ठेवायची. रात्र आपल्या पोटाने काढायची. सकाळी उठून आपण धड असलो, तर वाटी पोरीला.

"राजेलोक जेवण चाखायला एक माणूस ठेवायचे," जयवंत शेजाऱ्यांना सांगायचा. "आमच्याकडे राजा नाही, पण माणूस आहे."

हा नेम सातआठ वर्षं चालला. आजारी असली तरी, नाशिकहून लेक आली असली तरी. गुलकंद, भोपळ्याची फुलं, सगळ्याला तोच कायदा. अक्षया मोठी झाली, तिला सगळं ठाऊक झालं. ती चिडवायची, "आजी, मी ठणठणीत आहे गं!" मालन म्हणायची, "हो गं," आणि तिची जीभ बघायची.

दोन हजार दहाच्या जानेवारीत मालन गेली. झोपेत, त्रेसष्ट-चौसष्टची असेल. बरीच वर्षं हृदय दमलं होतं, डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी शुक्रवार होता.

शुक्रवारी दुपारी ती वाटी घेऊन निघाली. वाटीवर झाकणी, झाकणीवर रुमाल. दोन मजल्यांच्या मध्ये ती थांबली. तिथे ती रोजच थांबायची, कठड्याला हात लावून. मग उरलेल्या पायऱ्या चढली. शाळेतून आलेल्या अक्षयाने दप्तर न उतरवता दार उघडलं.

"काल खाल्लंय मी," मालन म्हणाली. रोज हेच म्हणायची.

"माहितेय, आजी." अक्षयाने उभ्याउभ्या चमच्याने वाटी संपवली आणि न सांगता जीभ बाहेर काढली. मालनने उजेडाकडे तिची हनुवटी वळवून बघितली, ओठांच्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. कोरडे होते. तिने वाटी घेतली, रुमालाने पुसली आणि जिना उतरायला लागली.